मागणीची बाटली

वाइन शॉपात वाइन सोडून बाकी सगळं मिळतं, हे मला त्या दुपारी कळलं. शहापूरच्या बाजारापासून जरा आडबाजूला एक दुकान आहे, त्याच्या जाळीपुढे मी उभी होते. एप्रिलचं ऊन, डोक्याला स्कार्फ, तोंडाला मास्क. कोरोना जाऊन वर्षं झाली, पण आमच्या कपाटात मास्कचा गठ्ठा तसाच पडून होता, त्यातला एक काढून लावला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. या गावात मला ओळखत नाही असं घर शोधायला लागेल, आणि नेमकं त्या घरातलं माणूस आत्ता माझ्या मागे येऊन उभं राहणार, अशी माझी खात्री होती.

"काय देऊ, बाई?" जाळीमागचा माणूस म्हणाला.

बाई म्हणाला. मॅडम नाही, ताई नाही. शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात तसं, बाई.

"वाइन," मी हळूच म्हटलं.

"कुठली? क्वार्टर की हाफ?"

"अहो, ती नाही. द्राक्षाची."

त्याने मास्कच्या वर दिसणाऱ्या माझ्या डोळ्यांकडे नीट बघितलं. "माझी पोरगी तुमच्याच वर्गात आहे, बाई. चौथीला," असं म्हणाला आणि वरच्या फळीवरचं काढायला स्टूल शोधायला लागला.

मी तिथून पळूनच गेले असते. पळाले नाही, कारण अब्रूच्या भीतीपेक्षा मोठी भीती माझ्या घरात बसली होती. ती आधी सांगायला हवी.

आमचे हे जळलेल्या मोटरी दुरुस्त करतात. विहिरीवरची मोटर असो की पिठाच्या गिरणीतली, तारेचं वेटोळं सोडवायचं आणि नवीन भरायचं. हाताला कसब आहे. पण लग्नानंतरची कितीतरी वर्षं संध्याकाळ झाली की तो हात कापायला लागायचा. आधी देशी, मग गावठी, मग जे मिळेल ते. मी शाळेतून आले की घरात पाऊल टाकायच्या आधी दारात उभी राहून आतला कानोसा घ्यायचे. शेवटी एकदा रक्ताची उलटी झाली आणि ह्यांना ठाण्याच्या दवाखान्यात टाकलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की यकृत आता कसंबसं तग धरून आहे, पुन्हा दारू सुरू झाली तर आमच्याकडे आणून काही उपयोग होणार नाही. तेव्हापासून ह्यांची सुटली. कशी सुटली ते मला विचारू नका, मलाही नीट माहीत नाही. माझी भीती मात्र काही सुटली नाही. ह्यांना मोटरींच्या दुकानातून यायला जरा उशीर झाला की मी अजून दारात येऊन उभी राहते.

आणि अशा माणसाची बायको मी, वर्षातून दोनदा वाइन पिते. हसा खुशाल. आमच्या शाळेत एक बाई आहेत, माझ्या मैत्रीणच, दिंडोरीकडच्या. त्यांच्या माहेरी द्राक्षाचे मळे आहेत, वाइन तिकडे घरात येते-जाते. दिवाळीची सुट्टी लागली की एकदा आणि मे महिन्यात निकाल लावून झाले की एकदा, मी त्यांच्या गॅलरीत जाऊन बसते. भाजलेले शेंगदाणे, तळलेला पापड आणि दीड ग्लास. पहिल्या वेळी घरी येऊन मी ह्यांना सरळ सांगितलं होतं. "तुझं तू बघ गो," एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर त्या विषयावर आमच्यात शब्द निघालेला नाही. तरीही तू जातेस कशाला, असं कुणी विचारेल. मी बारा महिने घाबरलेली असते हो. दोन संध्याकाळी न घाबरता बसायला मिळतं, ते कोण सोडेल?

तर सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या मुलाने लग्न ठरवलं. तो पडघ्याच्या एका गोडाऊनमध्ये कामाला आहे, मुलगीही तिथेच ऑफिसात. मुरबाड तालुक्यातली, म्हशाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला ठाकूरवाडी आहे तिथली. भावकीतल्या लोकांनी आदिवासी वाडीचं नाव ऐकूनच तोंडं फिरवली. फिरवू देत. मला मुलगी आवडली होती. डोक्याने हुशार, बोलायला खट, आणि माझ्या मुलाला कुणीतरी खट पाहिजेच होती.

मग एके दिवशी मुलाने जेवता जेवता सांगितलं, "आई, मागणी घालायला तुमी दोघांनी जायचं. आणि बाटली न्यायला लागेल."

त्यांच्या वाडीची रीत अशी की मुलाकडच्यांनी दारू घेऊन जायचं. मुलीचा आजा पहिले थेंब जमिनीवर सोडतो, ते पितरांचे. मग पळसाच्या पानाच्या द्रोणात ओतून आधी तो पितो आणि तोच द्रोण भरून मुलाच्या बापाच्या हातात देतो. बापाने तो संपवला की मागणी पक्की. त्या लोकांत यात लपवाछपवी नाही की वावगं काही नाही, आपल्याकडे नारळ-साखर तशी त्यांच्याकडे ही. मला ते कळत होतं. पण माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"नाही घेतला द्रोण तर?" मी विचारलं.

"तर मग उठून यायचं," मुलगा म्हणाला. त्याचंही तोंड उतरलेलं होतं.

मी म्हटलं, सांगू या सरळ, की बाबांना चालत नाही, आजार आहे. मुलाने तसं विचारून बघितलं होतं. कसला आजार, असं तिकडून आलं, आणि त्याने विषयच बदलला होता. कोल्ड्रिंकचंही विचारलं होतं, तर आजा हसून म्हणाला, आमच्या पितरांना काय आता कोल्ड्रिंक पाजता.

ह्यांनी ताट बाजूला केलं. "दारुडा होता म्हणून सांगशील? मग आपल्या पोराला देतील पोरगी?" मग म्हणाले, "घेईन मी. तोंडाला लावल्यासारखं करीन."

तोंडाला लावल्यासारखं. हे वाक्य मी पूर्वी कितीतरी वेळा ऐकलेलं होतं, आणि त्यापुढे काय होतं तेही बघितलेलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. घेतलं नाही तर मुलाचं लग्न मोडतं, खरं सांगितलं तर कदाचित मोडतं, आणि घेतलं तर माझा नवरा जातो. मी त्या आठवड्यात वर्गात मुलांना तोच एक धडा दोनदा शिकवला, आणि एकही मूल बोललं नाही, बहुतेक माझ्याकडे बघूनच.

त्यातून मी एक युक्ती काढली, आणि तिचा मला अभिमान वाटला. वाइन न्यायची. देशी, गावठी, व्हिस्की, ह्या सगळ्यांची ह्यांच्याशी जुनी ओळख. वास आला की ती ओळख जागी होणार. वाइनला मात्र ह्यांनी जन्मात हात लावलेला नव्हता. ज्याची ओळखच नाही त्याचा मोह कसला होणार? शिवाय ती सौम्य, शिवाय लोक म्हणतातच की वाइन म्हणजे काय दारू थोडीच. द्रोणातून एखादा घोट गेला तरी सरबत प्यायल्यासारखं होईल, बाकीचं हात हलला म्हणून सांडता येईल. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात, आणि मी मोठ्या शहाणपणाने ताकच निवडायला निघाले होते.

मैत्रीण बहिणीच्या बाळंतपणासाठी दिंडोरीला गेली होती. फोनवर म्हणाली, "तुला मी सगळं शिकवलंय, जा आणि घे." म्हणून मी त्या जाळीपुढे.

त्या माणसाने स्टूलावर चढून वाइनच्या म्हणून होत्या तेवढ्या बाटल्या खाली आणल्या आणि काउंटरवर मांडल्या. एक तांबडी होती, तिच्या चिठ्ठीवर सोनेरी अक्षरं. ही रस्त्याकडच्या काचेत उभी होती, मी येतानाच बघितलं होतं. मैत्रिणीचं पहिलं सांगणं हेच, की दुकानात उन्हात उभी राहिलेली बाटली फुकट दिली तरी घ्यायची नाही, आतली वाइन शिजते आणि सोनेरी अक्षरं काही तिला वाचवत नाहीत. दुसरी गोड पोर्ट. "ही घ्या ना, सगळे हीच नेतात," तो म्हणाला. मी ती एकदा चाखलेली होती. खोकल्याच्या औषधात साखर घालावी तसली चव. तिसरीला बूच होतं, आणि बूच काढायचा स्क्रू ठाकूरवाडीत कुठून आणू? फिरकीचं झाकण असलेली वाइन हलकी असते असं लोकांना वाटतं, त्यात काही अर्थ नाही.

"छोटी नाही का?" मी विचारलं. आमच्यासारख्या कधीतरी पिणाऱ्यांना अर्धी बाटलीच बरी. उघडलेली वाइन फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांत उतरते, मग संपवायची म्हणून प्यायची, हे काही खरं नाही. त्याने अर्धी काढलीसुद्धा. मग मला आठवलं की मी मुलगी मागायला चालले आहे. अर्ध्या बाटलीवर मुलगी मागितली तर ते लोक मला उभंही करणार नाहीत.

मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. मी वळून बघितलं नाही. स्कार्फ आणखी पुढे ओढला. तो माणूस क्वार्टर घेऊन गेला आणि जाताना "नमस्कार बाई" म्हणाला. कोण होता देव जाणे. मास्क काय कामाचा, ते तेव्हाच कळलं.

"आत, अंधारात ठेवलेली काही आहे का? पांढरी?" मी विचारलं.

आतून एक आली. खोक्यातच होती अजून. गेल्याच वर्षीची, फिरकीचं झाकण, पाचशेच्या आत. पांढरी वाइन ताजीच घ्यावी, जुनी झाली म्हणजे चांगली झाली हे पांढरीला नाही चालत, निदान स्वस्तातल्या पांढरीला तर नाहीच. आणि एप्रिलच्या उकाड्यात, कोंबडीच्या झणझणीत रश्श्याबरोबर तांबडी कोण पिणार? त्या द्राक्षाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, मैत्रीण शेनिन म्हणते. आमच्या गॅलरीतली नेहमीची तीच. जरा आंबट, मागून किंचित गोड, पेरू फोडल्यासारखा वास.

मी त्या गोड औषधी बाटलीकडे पुन्हा एकदा बघितलं. वाईटच घेऊ का, म्हणजे ह्यांना प्यावीशीच वाटणार नाही, असं मनात येऊन गेलं. मग वाटलं, कुणाच्या पितरांच्या नावाने जमिनीवर सोडायची, आणि आपण खोकल्याचं औषध घेऊन जायचं? शोभतं का बाईमाणसाला. चांगली घेतली. पिशवीत घालून वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि घरी येईपर्यंत कोथिंबीर पार सुकून गेली.

रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून निघालो. भावकीला सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे दोघंच. बाटली डिकीत ठेवली असती तर मुरबाड येईपर्यंत चहा झाला असता, म्हणून ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. किन्हवली गेलं, सरळगाव गेलं, टॉवेल वाळला, पाणी मारून पुन्हा ओला केला. हे काही बोलत नव्हते. एकदाच म्हणाले, "नीट धर, पडंल." मला वाटलं, पडली तर बरं होईल. आणि मी ती आणखी घट्ट धरली. असं का करतो आपण, कुणी सांगेल का मला?

वाडीत मोहाचा हंगाम होता. अंगणात चटयांवर फुलं वाळत घातलेली, सगळीकडे तो जड गोडसर वास. माझी नजर ह्यांच्या तोंडावर. ह्यांनी नाकाला रुमाल लावला आणि लगेच काढला, कुणी बघायच्या आत. त्या वासाने ह्यांना आता मळमळतं, हे मला तेव्हा कळलं. ते बघून मला जरा धीर आला. मोहाची नेली नाही ते किती बरं केलं, नाहीतर मांडवातच उलटी झाली असती, असं वाटलं.

मांडवाखाली घोंगडी टाकली होती. आजा बारीक अंगाचा, पण बसणं असं की सगळी वाडी त्याच्या बाजूला सरकून बसलेली. मुलीचा बाप, आजी, दारात दोन-चार बाया. मुलगी आत होती, तिची बांगडी वाजत होती तेवढीच. बोलणी झाली. पोरगा काय करतो, घर केवढं, पोरगी नोकरी सोडणार नाय, तर नको सोडू दे, आम्हाला तेच पाहिजे. सगळं चांगलं चाललं होतं आणि मी टॉवेलातली बाटली मांडीवर घट्ट धरून बसले होते.

"काढा मग," आजा म्हणाला.

मी टॉवेल सोडला. आजाने बाटली उन्हाकडे धरून बघितली. "हिला रंग नाय."

"द्राक्षाची आहे. पांढरी असते," मी म्हटलं.

"द्राक्षाची," तो आजीला म्हणाला, आणि आजी हसली. त्याने झाकण फिरवलं. तो कट्कन आवाज झाला तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. डोळे मिटून तो काहीतरी पुटपुटला, थेंब जमिनीवर सोडले, मातीने ते लगेच पिऊन टाकले. मग द्रोणात ओतून त्याने घोट घेतला आणि तोंडात फिरवला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"आंबूस हाय," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "पन मागून बरी येते." दुसरा घोट घेतला, द्रोण संपवला, पुन्हा भरला आणि दोन्ही हातांनी ह्यांच्यापुढे धरला.

ह्यांनी दोन्ही हातांनी घेतला. आमचं ठरलं होतं. ओठ ओले करायचे, हात हलवायचा, सांडायचा, मग मी "अगं बाई, ह्यांचा हात दुखतो ना" म्हणून पुढचं सांभाळायचं. मी वाट बघत होते. हात हलला नाही. गेल्या कित्येक वर्षांत ह्यांचा हात इतका स्थिर मी बघितलेला नव्हता. द्रोण तोंडापर्यंत आला आणि तिथे थांबला. ह्यांनी डोळे मिटले.

ह्यांना पिताना मी आयुष्यभर बघितलं आहे. तोंड वाकडं करून, औषध गिळावं तसं, एका झटक्यात आत टाकायचे. कधी वास घेतलेला आठवत नाही. त्या दिवशी हे वास घेत होते. तान्ह्या बाळाच्या टाळूचा घ्यावा तसा, सावकाश. चेहरा सैल झाला होता. मला तो चेहरा ओळखीचा नव्हता, आणि तेवढी भीती मला दवाखान्यातही वाटली नव्हती.

मी उठले. कशी उठले माहीत नाही. ह्यांच्या हातातून द्रोण काढून घेतला, थोडी माझ्या साडीवर सांडली, बाकीची मी उभ्या उभ्या पिऊन टाकली. शेवटच्या थेंबापर्यंत.

आतली बांगडी थांबली.

"आमच्या घरात पिणारी मी आहे," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच.

मुलीचा बाप आजाकडे बघायला लागला. आजा म्हणाला, "बापानं प्यायला पायजे, रीत हाय."

"पोरगा काय एकट्या बापाचा हाय?" आजी म्हणाली. "नऊ म्हैनं पोटात कोनी वागवला? तिनं प्याली, म्हंजी त्यांच्या घरानं प्याली. आनि बाईमानूस असून मास्तरीन बसली आपल्यात, तुला अजून काय पायजे रं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बस गो बाय."

आजाने एकदा आजीकडे बघितलं. मग त्याने बाटली उचलली, द्रोण पुन्हा भरला, आणि तो मुलीच्या बापाकडे दिला. मागणी पक्की झाली. दारातल्या बाया हसायला लागल्या, कुणीतरी आत ओरडून सांगितलं, आणि तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचा रस्सा आला. बाटली त्यांनीच संपवली. आमचे हे जेवले, नीट जेवले, आजीने आग्रह केला तर आणखी भाकरी घेतली. मुलाला मी फोन केला आणि झालं रे बाबा म्हटलं, तर तो पलीकडे रडायलाच लागला.

ऊन उतरल्यावर निघालो. मी मागे बसले होते, एका बाजूला पाय सोडून, हात ह्यांच्या खांद्यावर. मला वाटत होतं, झालं, निभावलं. पोटात ती वाइन ऊन ऊन वाटत होती आणि इतक्या दिवसांनी मला जरासं हसूही येत होतं. सरळगाव मागे पडल्यावर एका आंब्याखाली ह्यांनी स्कूटर थांबवली. इंजिन बंद केलं आणि हँडल धरून तसेच पुढे बघत बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तू द्रोण घेतला नसतास तर मी प्यालो असतो," हे म्हणाले. "सगळा. आनि अजून मागितला असता."

मी म्हटलं, "पण म्हणून तर मी वाइन घेतली. तुम्हाला तिची ओळख नाही म्हणून. तुम्हाला वासही माहीत नाही तिचा."

"नाय कसा माहीत?" हे म्हणाले. अजून पुढेच बघत होते. "दिवाळीच्या सुट्टीत तू तुझ्या बाईंकडून येतेस. मे म्हैन्यात येतेस. घरभर हसत फिरतेस, बारीक गुणगुणतेस. मग माझ्या बाजूला येऊन झोपतेस. तोच वास, गो. तुझ्या तोंडाचा. वर्षातनं दोन दिवस तू माझ्यावर डोळा ठेवत नायस, त्या दिवसांचा वास हाय तो. देशीचा असता तर मी वकलो असतो. हा आला नि मला वाटलं, घरी आलो."

सगळ्या दुकानातून, उन्हातली टाळून, गोड टाळून, अंधारातून काढून, मी ह्यांच्यासाठी नेमकी ती एक बाटली निवडून आणली होती.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू खूश असायचीस. काय बोलू?" ह्यांनी किक मारली. "चल. बस नीट."

स्कूटर निघाली. वारा समोरून येत होता, मी ह्यांच्या मागे अगदी जवळ बसलेली, तोंड ह्यांच्या मानेपाशी, आणि माझ्या तोंडाला त्या द्रोणाचा वास. ह्यांनी मान थोडी मागे टेकल्यासारखी केली. मी तोंड दुसरीकडे फिरवलं, पदराचा बोळा करून ओठांवर दाबला, आणि शहापूर येईपर्यंत माझा श्वास ह्यांच्या अंगावर पडू दिला नाही.